पाना काय मोजतो?

एम-१० मापाचा, ८.८ ताकदीचा एक बोल्ट घ्या. दहा मिलिमीटर जाडीचा, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा, डोक्यावर ८.८ असे आकडे उठवलेला. कोरड्या, स्वच्छ आट्यांत तो ५० न्यूटन-मीटरवर आवळला की त्याच्या अंगात साधारण अडीच टनांचा ताण येतो. आता तोच बोल्ट, तेच भोक, तोच पाना, तेच ५० न्यूटन-मीटर. फक्त आट्यांना आणि डोक्याखाली तेलाचं बोट लावलं. ताण जातो ३.४ टनांवर. कायमचा न वाढता जेवढा भार या बोल्टने सोसावा असं मानकात ठरलेलं आहे, तो भारही एवढाच आहे. तेलाऐवजी मॉलिब्डेनमचं ग्रीस लावलं तर आकडा चार टनांच्या पुढे जाऊ शकतो आणि बोल्ट कायमचा लांबतो. उलट आटे गंजलेले असतील तर ताण पावणेदोन टनांच्या आतच अडकतो. चारही वेळा पाना एकाच जागी ‘कट्’ म्हणाला, आणि आवळणारा माणूस चारही वेळा समाधानाने पुढच्या बोल्टकडे वळला.

हे पुस्तक त्या चार बोल्टांमधल्या फरकाबद्दल आहे. टॉर्क पाना कसा वापरायचा हे सांगायला एक कागद पुरतो, आणि तो कागद पान्याच्या डब्यातच घडी घालून ठेवलेला असतो. त्या कागदावर बहुधा नसतं ते हे, की मॅन्युअलमधला आकडा अटींसकट दिलेला असतो. आटे कोरडे की तेलकट, वॉशर कुठला, बोल्ट नवा की वापरलेला, इंजिन गार की गरम, यांतली एक अट बदलली की आकडा तोच राहतो आणि त्याचा अर्थ बदलतो. इंजिनाचं काम करणाऱ्या पुष्कळ चांगल्या हातांना आकडे तोंडपाठ असतात. अटी विचारल्या की गाडी अडते.

बोल्ट आवळायचा कशासाठी, इथून सुरुवात करू. ‘सुटू नये म्हणून’ हे उत्तर अर्धंच आहे. आवळताना बोल्टचं डोकं एका बाजूला टेकलेलं असतं, दुसऱ्या बाजूला आटे आत आत जात असतात, आणि मधली दांडी ताणली जाते. ताणलेलं पोलाद मूळ लांबीवर यायला बघतं. रॉबर्ट हूकने १६७८ साली स्प्रिंगांबद्दलचा जो नियम छापून प्रसिद्ध केला तोच इथे लागू. शंभर मिलिमीटर लांबीच्या एम-१० बोल्टवर अडीच टनांचा ताण असताना तो सुमारे दोन दशांश मिलिमीटर लांबलेला असतो. डोळ्याला न दिसणारी ही वाढ हेच खरं आवळणं. हेड आणि ब्लॉक एकमेकांवर दाबून धरणारं बळ तिथूनच येतं, आणि गॅस्केटचं काम त्या बळावर चालतं.

आता त्या हेडखाली काय चाललेलं असतं ते पाहू. ७० मिलिमीटर बोअरच्या सिलिंडरमध्ये पेटलेल्या वायूचा दाब ६० बारपर्यंत चढला तर हेड वर उचलणारं बळ सव्वादोन टनांहून थोडं जास्त भरतं. चार स्ट्रोकचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्या घेत असेल तर एका सिलिंडरमध्ये हा धक्का मिनिटाला १५०० वेळा बसतो, तासाला ९०,००० वेळा. बोल्ट पुरेसा ताणलेला असेल तर या धक्क्याचा बराचसा भाग हेड आणि ब्लॉकमधली दाबणूक कमी-जास्त होण्यात जिरतो आणि बोल्टच्या वाट्याला त्याचा थोडाच अंश येतो. ताण अपुरा असेल तर सांधा दर धक्क्याला उघडायला बघतो आणि सगळा भार बोल्टवर पडतो, सुटतो, पुन्हा पडतो. धातू थकतो तो असा. बोल्ट मोडला की ‘कुणीतरी जास्त आवळला होता’ असा निकाल आपल्याकडे लगेच लागतो. जास्त आवळलेला बोल्ट मोडतोच. पण तो बहुतेकदा पान्याखालीच मोडतो, त्याच दिवशी, सर्वांसमोर. ढिला राहिलेला बोल्ट हजारो किलोमीटरनंतर, घाटात मोडतो, आणि तोवर तो कुणी आवळला होता हे कुणाच्या लक्षात नसतं.

कनेक्टिंग रॉडच्या बोल्टांना ही गोष्ट सगळ्यांत जास्त लागू. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी पिस्टन वर जाऊन थांबतो आणि उलटा फिरतो, तेव्हा त्याला खाली खेचून आणणारं सगळं बळ रॉडच्या टोपीतून, म्हणजे त्या दोन लहानशा बोल्टांतून जातं. फेऱ्या दुप्पट झाल्या की हे बळ चौपट होतं. तो बोल्ट गेला की रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो, आणि मग इंजिन उघडायचीही गरज राहत नाही. म्हणून शर्यतीची इंजिनं बांधणारे लोक या बोल्टांसाठी पान्याच्या आकड्यावर विसंबत नाहीत. ते मायक्रोमीटरने बोल्टची मूळ लांबी घेतात, आवळतात, पुन्हा लांबी घेतात, आणि ठरलेली वाढ मिळाली की थांबतात. ती वाढ एक-दीड दशांश मिलिमीटरच्या आसपास असते. जे हवं तेच सरळ मोजायचं! जहाजांच्या अवाढव्य डिझेल इंजिनांत तर पिळण्याचा खटाटोपच नसतो. हायड्रॉलिक जॅक स्टडला धरून सरळ वर ओढतो, तेवढ्यात नट हातानेच फिरवून खाली टेकवतात, जॅकचा दाब सोडला की ताण स्टडमध्ये अडकून राहतो. गॅरेजात हे दोन्ही मार्ग सहसा परवडत नाहीत. हेडचा बोल्ट ब्लॉकमधल्या बंद भोकात बसलेला, त्याचं खालचं टोक हाताला लागणारच नाही, तर लांबी मोजणार कशी? म्हणून पीळ मोजायचा आणि त्यावरून ताणाचा अंदाज बांधायचा. टॉर्क पाना हे अंदाजाचं हत्यार आहे, हे मनाशी पक्कं ठेवूनच तो हातात घ्यावा.

अंदाज चुकतो कुठे? पान्यावर आपण जी ताकद लावतो तिचा हिशेब साधारण असा लागतो: निम्मी ताकद बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जाते, आणखी चाळीस टक्के आट्यांमधल्या घर्षणात. उरलेल्या दहा टक्क्यांत बोल्ट ताणला जातो. म्हणजे पाना मुख्यतः घर्षण मोजतो, आणि घर्षण कायम आहे असं समजून आपण त्यातून ताण काढतो. नव्वदातले थोडे इकडेतिकडे झाले की दहाचे पंधरा किंवा सात व्हायला वेळ लागत नाही. सुरुवातीला सांगितलेल्या चार बोल्टांची गोष्ट एवढ्या एका हिशेबात आली.

उत्तम प्रतीच्या टॉर्क पान्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ६७८९. त्यानुसार गॅरेजात वापरतात तसल्या, दहा न्यूटन-मीटरच्या वरच्या क्लिक पान्याची चूक चार टक्क्यांच्या आत असावी लागते. पण तोच पाना वापरून आवळलेल्या बोल्टांच्या प्रत्यक्ष ताणात पंचवीस टक्के वर-खाली फरक पडू शकतो, असं अभियांत्रिकीच्या तक्त्यांत वर्षानुवर्षं छापलं जात आहे. त्याच तक्त्यांत नुसत्या हाताच्या अंदाजाने आवळणाऱ्याची चूक पस्तीस टक्के दिलेली असते. पंचवीस आणि पस्तीस! हजारो रुपयांचा पाना घेऊन दहा टक्क्यांचाच फायदा, असं कुणी म्हटलं तर मी त्याच्याशी भांडणार नाही. मी एवढंच म्हणेन, की आटे साफ न करता, तेलाची अट न वाचता पाना वापरायचा असेल तर तो न घेतलेलाच बरा. पंचवीसचा आकडा खाली आणायचा उपाय पान्याच्या आत नाही, तो तारेच्या ब्रशात, स्वच्छ फडक्यात आणि तेलाच्या डबीत आहे.

या हत्याराचा जन्म इंजिनाच्या कामात झालेला नाही. न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा विभागात काम करणाऱ्या कॉनराड बार याने १९१८ साली असा पाना बनवला, अशी नोंद आहे. जमिनीखालच्या पाण्याच्या आणि वाफेच्या नळांची दुरुस्ती करताना फ्लँजचे बोल्ट प्रमाणाबाहेर आवळले जाऊ नयेत, हा त्याचा हेतू होता. खड्ड्यात उतरलेला, अंगात रग असलेला कामगार आणि बिडाचं फ्लँज अशी ती जोडी. थांबायचं कुठे हे सांगणारं काहीतरी हवं होतं. पुढच्या दोन दशकांत मोटार उद्योगाने ते उचललं आणि अमेरिकेत त्याची पेटंटं निघाली. आज आपल्याकडे टॉर्क पाना म्हटला की ‘नीट घट्ट बसवायचं साधन’ असं चित्र डोळ्यांसमोर येतं. मुळात तो हात आवरायला सांगणारा पाना होता.

जुन्या मिस्त्रींच्या हाताबद्दल इथे लिहायला हवं, कारण ‘आमचे वस्ताद कुठे टॉर्क लावायचे?’ हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. प्रश्न रास्त आहे. खडकीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्स १९४६ साली उभी राहिली, आणि तशा इंजिनांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या किती विहिरींचं पाणी उपसलं त्याला गणती नाही. विहिरीच्या काठावर, कंदिलाच्या उजेडात ती उघडली गेली आणि पुन्हा बांधली गेली, रिंग पान्यावर आणि हाताच्या अंदाजावर. ती चालली, याला कारणं आहेत. हेड बिडाचं, ब्लॉक बिडाचा, स्टड जाडजूड, फेऱ्या कमी. शिवाय साध्या पान्याची लांबीही उगाच ठरलेली नसते. दहाचा पाना आखूड, चोविसाचा लांब; मध्यम ताकदीच्या माणसाने एका हाताने ओढला तर त्या मापाच्या बोल्टला साधारण योग्य पीळ मिळावा, असा हिशेब त्या लांबीतच घातलेला असतो. म्हणून वस्ताद पान्याला पाईप लावणाऱ्या पोराच्या पाठीत धपाटा घालायचे. पाईप लावला की पान्यातलं सगळं शहाणपण फुकट.

पण त्या वस्तादाच्या हातात आजची मोटारसायकल दिली तर? हेड अॅल्युमिनियमचं, कव्हर अॅल्युमिनियमचं, त्यात एम-६ चे बोल्ट, आणि मॅन्युअल सांगतं १० न्यूटन-मीटर. दहा म्हणजे तीन-चार बोटांचं काम आहे, मनगटाचं नाही. जन्मभर मोठे बोल्ट आवळलेल्या हाताला इथे ‘अजून थोडं’ म्हणावंसं वाटतंच, आणि पुढच्या पावफेरीत आटे जातात. पोलादी बोल्ट शाबूत राहतो, त्याच्याबरोबर अॅल्युमिनियमचा भुगा बाहेर येतो. मग हेलिकॉइल बसवा, खर्च करा, गिऱ्हाइकाची बोलणी खा. हाताचा अंदाज मोठ्या, दणकट बोल्टांवर बऱ्यापैकी चालतो आणि लहान बोल्टांवर दगा देतो. लोक नेमकं उलटं करतात. हेडला टॉर्क लावतात, आणि टॅपेट कव्हर, ऑईल पंप, कॅमच्या टोप्या ‘एवढ्यासाठी कशाला’ म्हणून हाताने उरकतात.

पिंपरी-चिंचवड, चाकण, भोसरी या पट्ट्यातल्या वाचकांना आणखी एक विसंगती रोज दिसत असेल. आधुनिक कारखान्यात इंजिन जुळवताना महत्त्वाच्या बोल्टांना विजेवर चालणारी, संगणकाला जोडलेली यंत्रं लागतात. प्रत्येक बोल्टला किती पीळ लागला, तो किती अंशांतून फिरला याची नोंद होते आणि हिशेबात न बसणारा बोल्ट लाइन पुढे जाऊ देत नाही. तेच इंजिन चार वर्षांनी, काही किलोमीटरवरच्या शेडमध्ये हेड गॅस्केटसाठी उघडलं जातं आणि इम्पॅक्ट गनने बंद होतं. गन सोडवायला उत्तम, त्याबद्दल वाद नाही. शेवटचं आवळणं गनने करणाऱ्याला मी इंजिन देणार नाही.

त्या कारखान्यातल्या यंत्राची एक युक्ती मात्र गॅरेजलाही घेता येते: कोन. एम-१० च्या नेहमीच्या आट्याची पायरी दीड मिलिमीटर असते, म्हणजे बोल्ट एक पूर्ण फेरी फिरला की दीड मिलिमीटर आत जातो आणि पाव फेरीत ०.३७५ मिलिमीटर. हा हिशेब भूमितीचा आहे, आट्याला तेल असो वा नसो, तो बदलत नाही. म्हणून अलीकडची मॅन्युअलं सांगतात, की आधी थोड्या पिळावर बोल्ट नीट बसवून घ्या, तिथून पुढे ९० अंश फिरवा, मग पुन्हा ९० अंश. पहिला टप्पा फक्त सांधा टेकवून घ्यायला. खरा ताण कोनातून येतो. ते पाव-फेरीतलं अंतर काही प्रमाणात सांधा दाबण्यात जातं आणि बाकीचं बोल्ट ताणण्यात, आणि घर्षणाचा लहरीपणा बराचसा हिशेबाबाहेर राहतो. बोल्टच्या डोक्यावर पांढऱ्या मार्करने रेघ ओढून ठेवली तर कोन कळतो आणि कुठले बोल्ट झाले, कुठले राहिले तेही कळतं. कोन मोजायची तबकडी मिळते, ती चांगली. पण रेघेचं काम रेघ करते.

काही इंजिनांत हा कोन मुद्दामच इतका ठेवलेला असतो, की बोल्ट यील्डच्या, म्हणजे कायमचा लांबू लागण्याच्या, उंबऱ्यापर्यंत किंवा त्याच्या किंचित पलीकडे जातो. तिथे तो आणखी थोडा लांबला तरी ताण फारसा वाढत नाही, त्यामुळे सगळ्या बोल्टांना जवळजवळ सारखा ताण मिळतो. कल्पना सुरेख आहे आणि तिची किंमत चोख आहे: असा बोल्ट कायमचा थोडा लांबलेला असतो. काही कंपन्या कमाल लांबी देतात आणि तिच्या आत असेल तर बोल्ट पुन्हा वापरू देतात. बऱ्याच जणी सरळ नवा घाला म्हणतात. आपल्याकडे नवे हेड बोल्ट आणायला सांगितलं की गिऱ्हाईक ‘जुने काय वाईट आहेत?’ विचारतं, आणि ते बोल्ट दिसायला खरंच चांगले असतात. वाढलेली लांबी कॅलिपरवर दाखवावी, वाद मिटतो.

बोल्ट कुठल्या क्रमाने आवळायचे याची आकृती मॅन्युअलमध्ये असते आणि ती पाळणारे लोक पुष्कळ आहेत. मधून सुरू करून आलटून-पालटून बाहेरच्या टोकांकडे जायचं. सतरंजी अंथरताना आपण हात मधून कडेला फिरवतो, कडेकडून सुरुवात केली तर फुगा मध्येच अडकतो, गॅस्केटचंही तसंच. कमी लोकांना ठाऊक असतं ते हे, की शेजारचा बोल्ट आवळला की आधी आवळलेला थोडा ढिला होतो, कारण मधला सांधा आणखी दबलेला असतो. म्हणून टप्पे असतात. पहिल्या बोल्टला एका दमात पूर्ण पीळ देऊन पुढे गेलात तर शेवटच्या बोल्टपर्यंत पोचेतो पहिल्याने ताण गमावलेला असतो. हेड उतरवतानाही क्रम असतो, उलटा, बाहेरून आत आणि टप्प्याटप्प्याने. आधी बांधणीचीच काळजी असल्याने उतरवताना ती कुणी घेत नाही, आणि मग हेड वाकलं म्हणून प्लेनिंगला जातं.

बंद भोकांबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथलं नुकसान मोठं असतं. ब्लॉकमधलं बोल्टचं भोक खालून बंद असेल आणि त्यात पाणी किंवा तेल साचलेलं असेल, तर आवळताना बोल्ट पिचकारीतल्या दट्ट्यासारखा त्या द्रवावर बसतो. द्रव दाबला जात नाही. पाना वेळेआधीच ‘कट्’ म्हणतो, ताण आलेलाच नसतो. नेट लावून पुढे गेलात तर ब्लॉकला तडा जाऊ शकतो. भोकं हवेने फुंकून काढावीत, डोळ्यांवर चष्मा लावून, कारण आतला चिखल सरळ तोंडावर येतो. आटे साफ करायला धारदार टॅप घालण्याचा मोह टाळावा; तो आट्यांतला धातूच खरवडून काढतो. जुन्या बोल्टला करवतीने उभी खाच पाडली तर तो मळ काढायला उत्तम.

तेलाची अट वाचायची ती शब्दशः. आट्यांना आणि डोक्याखाली इंजिन ऑईल लावा असं लिहिलं असेल तर दोन्ही ठिकाणी लावायचं. आठवतंय ना, निम्मी ताकद डोक्याखालीच जाते. कोरडं लिहिलं असेल तर कोरडं. काहीच लिहिलं नसेल तर बोल्ट कंपनीतून जसा येतो तसा, असं धरून चालावं आणि स्वतःची कल्पकता बाजूला ठेवावी. तांब्याचं ग्रीस गॅरेजात सढळ हाताने वापरलं जातं. ते लावून मॅन्युअलचा कोरडा आकडा लावणं म्हणजे जाणूनबुजून जास्त आवळणं. इंजिन गार असावं, ही अटही अशीच. अॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे गरम इंजिनात हेडचे बोल्ट आपोआप आणखी ताणलेले असतात. मॅन्युअलचा आकडा गार धातूसाठी काढलेला असतो.

बोल्ट ढिले का होतात, यावर जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर याने १९६९ साली जे दाखवलं ते या विषयातलं माझं सर्वांत आवडतं संशोधन आहे. तोवर बोल्टच्या लांबीच्या दिशेने होणाऱ्या हादऱ्यांना बराच दोष दिला जाई. युंकरने सांधा आडवा हलवून पाहिला. दोन भाग एकमेकांवर घसरू लागले की आट्यांतलं घर्षण जणू नाहीसं होतं आणि बोल्ट आपला आपण उलटा फिरू लागतो. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत आपल्या लाडक्या स्प्रिंग वॉशरची कामगिरी फारच दीनवाणी ठरते. सांधा घसरू न देणं हाच खरा बंदोबस्त, आणि सांधा घसरू देत नाही तो पुरेसा ताण.

पान्यांच्या जातींवर एक पूर्ण प्रकरण आहे, इथे थोडक्यात. क्लिक पाना सोयीचा, अंधाऱ्या कोपऱ्यात कानाने काम करता येतं. त्याची पट्टी २० ते २०० असेल तर १० चं काम त्यावर करू नये. ‘कट्’ झाल्यावर खात्रीसाठी आणखी एकदा ओढायची सवय सोडावी, दर वेळी बोल्ट थोडा पुढे सरकण्याची शक्यता असते. काम झालं की पट्टी सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावी, त्याच्याही खाली उलटी फिरवू नये. त्याने बोल्ट सोडवू नयेत. पडला तर तपासून घ्यावा. एरवी वर्षातून एकदा किंवा पाच हजार वापरांनंतर. काट्याचा साधा पाना, म्हणजे वाकणारी दांडी आणि सरळ राहणारी सळई, दिसायला गावठी वाटतो. पण बिघडायला त्यात काही नाही. काटा शून्यावर आहे एवढं पाहिलं की झालं. पहिला टॉर्क पाना घेणाऱ्या आयटीआयच्या विद्यार्थ्याला मी तोच घ्यायला सांगतो. घरच्या घरी तपासणीही सोपी. व्हाइसमध्ये बोल्ट धरायचा, त्यावर पाना आडवा बसवायचा आणि बोल्टच्या मध्यापासून बरोबर अर्ध्या मीटरवर दहा किलोचं वजन टांगायचं. ४९ न्यूटन-मीटर दिसायला हवेत, पान्याच्या स्वतःच्या वजनाचे थोडे अधिक. दुकानातलं शिक्कामोर्तब झालेलं वजन यासाठी पुरेसं अचूक असतं.

एककांचा घोळ आपल्याकडे जास्त आहे, कारण आपल्या गाड्यांची मॅन्युअलं अनेक घराण्यांतून आली. जुन्या जीपचा आकडा पाउंड-फुटांत, जपानी भागीदारीतल्या गाड्यांचा किलोग्रॅम-मीटरांत, आजचा न्यूटन-मीटरमध्ये. एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर, एक पाउंड-फूट म्हणजे १.३६. किलोग्रॅम-मीटरची चूक सहसा लगेच कळते, कारण फरक दहापट असतो. पाउंड-फुटांची चूक धोकेबाज. ५० न्यूटन-मीटरऐवजी ५० पाउंड-फूट लावले तर ते ६८ होतात. बोल्ट जातो, पण हाताला वावगं काही जाणवत नाही. दुहेरी पट्टीच्या पान्यावर न लागणाऱ्या बाजूला चिकटपट्टी लावून टाकावी.

पुस्तकाच्या रचनेबद्दल दोन शब्द. आकड्यांची जंत्री मी दिलेली नाही. प्रत्येक इंजिनाचं मॅन्युअल निराळं, आणि दुसऱ्या इंजिनाचा आकडा बघून केलेलं काम हे आकडा न बघता केलेल्या कामापेक्षा वाईट. हेड, रॉड, मेन बेअरिंग, फ्लायव्हील या क्रमाने प्रकरणं असतील अशी वाचकाची अपेक्षा असेल, पण सुरुवात स्पार्क प्लगने केली आहे. चौदा मिलिमीटर आट्याचा, वॉशरचा नवा प्लग अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटर मागतो. टॉर्क पाना नसेल तर तो बोटांनी टेकेपर्यंत फिरवायचा, मग अर्धी ते दोन-तृतीयांश फेरी. जुनाच परत बसवायचा असेल तर वॉशर आधीच दबलेला असल्यामुळे फेरीचा बारावा भाग पुरतो. अनेक प्लगांच्या खोक्यावर ही आकृती छापलेली असते. त्या प्रकरणासाठी टॉर्क पाना लागत नाही. प्लगची गोटी, एक मार्कर आणि गार झालेलं इंजिन एवढं जवळ असावं.